काठवट घासायची नसते

पावाच्या भट्टीपुढे माझं उभं आयुष्य गेलं, पण आमच्या हातचा सगळ्यात चांगला पाव ज्या दिवशी झाला त्या दिवशी आमच्या घरात खमीरच नव्हतं. नाताळ अंकासाठी धंद्यातले अनुभव लिहा म्हणून निरोप आला तेव्हा मला आधी हसू आलं. पाववालीचे कसले अनुभव? पीठ, विस्तव आणि झोपमोड. पण मग तो दिवस आठवला, आणि म्हटलं लिहावं. ज्याच्याबद्दल लिहायचं तो आता रागवायला इथे नाही.

तो म्हणजे माझा नवरा, जुझे. आमच्या वाडीत बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. मीही त्याच्या हयातीत कधी घेतलं नाही. आता तो वर गेला आहे, तेव्हा नावानंच लिहिते. मी तिथे गेले की काय बोलायचं ते बोलेल.

रेवदंड्याच्या बाजाराच्या टोकाला आमची भट्टी होती. पाव करायला फार अक्कल लागत नाही, धीर लागतो. संध्याकाळी पीठ मळायचं, रात्रभर झाकून ठेवायचं, पहाटे गोळे करून भट्टीत सोडायचे. आमच्या किनाऱ्यावर पाव फुगवायला माडी घालत. बाळू भंडारी सकाळी माडावरून उतरवून आणायचा तेव्हा ती साखरेसारखी गोड असायची. दुपारी तिला फेस आला की ती पिठात घालायची. शिवाय आदल्या दिवशीच्या पिठाचा एक गोळा राखून ठेवायचा. तो खमीर. माडी जोर देते आणि खमीर चव देतं, असं माझी सासू सांगायची.

सासूनं मला दोनच गोष्टी शिकवल्या. पहिली म्हणजे काठवट खरवडायची, घासायची नाही. काठवट म्हणजे पीठ मळायची लाकडाची लांबट परात. आमची तर एखाद्या लहान होडीएवढी होती. तिच्या लाकडात वर्षानुवर्षांचं खमीर मुरलेलं असतं. ते धुऊन टाकलं तर नुसतं लाकूड उरतं. सासू एरवी एवढी स्वच्छ की कोंबडीसुद्धा तिच्या ओट्यावर पाय टाकायला भ्यायची. पण काठवटीला कुणी ओला हात लावला तर अंगावर धावून जायची. दुसरी गोष्ट, पीठ मळून गोणपाटाखाली झाकलं की तिथून उठायचं. नव्या माणसाला हेच जमत नाही. तो घडोघडी गोणपाट उचलतो, बोट खुपसून बघतो, अजून फुगलं नाही म्हणून पुन्हा मळतो. मळून मळून त्याचं चामडं करतो.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. शाळेचे एक मास्तर होते, सोवळ्यातल्या घरचे. त्या काळी पाव खाल्ला तर बाटल्याची बोंब व्हायची. मास्तर पंच्यात पाव गुंडाळून नेत आणि प्रत्येक वेळी सांगत, "गायीसाठी हो, रोजाबाई." मीही गंभीरपणे मान डोलवी. एकदा ते म्हणाले, "गायीला आज जरा कडक भाजलेला हवा आहे." आणि एकदा, इकडेतिकडे बघून, "आमच्या गायीचं म्हणणं, पावात मीठ थोडं कमी पडतं."

गायीचं म्हणणं बरोबर होतं. का, ते पुढे सांगते.

दुसरी मुसलमान मोहल्ल्यातली बानूखाला. तिच्या नवऱ्याची गलबतं होती, मोठं घर, मोठा गोतावळा. माडी घातलेला पाव त्यांना चालायचा नाही. तिनं मला येऊन सरळ विचारलं, "रोजा, बिगरमाडीचा पाव करशील काय आमच्यासाठी?" मी दही, पीठ आणि उकडलेल्या बटाट्याचं पाणी घेऊन वेगळं खमीर धरलं, वेगळ्या लहान काठवटीत. बरीच वर्षं तिचा पाव मी तसाच करून दिला. पुढे तिची सून नान करायला शिकली, तेव्हा त्या खमिराचा गोळा मी तिला देऊन टाकला. आपल्याकडचं गेलं, मी विसरलेही.

आता जुझेबद्दल. आमची फिलू पाच-सहा वर्षांची असताना तिला विषमज्वर झाला. विसाव्या सालानंतरची गोष्ट. डॉक्टर अलिबागेला, आणि ताप काही उतरेना. तिचे ओठ काळे पडले तेव्हा जुझे देवळात गेला. आम्ही चर्चला देऊळच म्हणतो. क्रुसाखाली त्यानं नवस केला की पोर वाचली तर माझ्या भट्टीचा पाव मी तोंडात घालणार नाही. पाववाल्यानं पाव सोडायचा. त्याच्याकडे सोडण्यासारखं दुसरं काही नव्हतंच.

फिलू वाचली. घाम येऊन ताप उतरला आणि तिनं पेज मागितली. मी रडले, जुझे हसला, आणि मला वाटलं, झालं.

पण ते तिथून सुरू झालं. जुझेला सुख आलं की भीती वाटायची. फिलू शाळेत जायला लागली, त्यानं बुधवारचं मटण सोडलं. तिला देवी आल्या आणि व्रण न राहता गेल्या, त्यानं मासळी सोडली. दर्यावरचा माणूस मासळी सोडतो म्हणजे काय, ते दर्यावरच्यालाच कळेल. मग चपला सोडल्या. मग गुडघ्यावर बसून रोजचा जप, आधी एक माळ, मग तीन. मी एकदा म्हटलं, "देवानं पोर फुकट दिली तर फुकट घ्या की."

"तसं नसतंय रोजा," तो म्हणाला. "फुकटचं टिकत न्हाय."

माणूस मात्र एवढा गोड की त्याच्यावर धड रागावताही यायचं नाही. स्वतः उपाशी आणि भट्टीवर आलेल्या भिकाऱ्याला गरम पाव, तोही मधोमध चिरून आत गूळ घालून. सगळ्यांना वाटायचं, साधूपुरुष आहे. माझी तेवढी तक्रार होती की स्वतःचा पाव तो चाखत नाही, त्यामुळे त्यात मीठ किती पडतं हे त्याला कळत नाही. मी सांगितलं, बाळूनं सांगितलं, गायीनं सांगितलं. तो म्हणायचा, "माप बापाच्या वेळचं हाय." आणि मिठाचा डबा त्याच्याच ताब्यात.

फिलूचं लग्न ठरलं ते पस्तीस सालाच्या आगेमागे. मुलगा उरणकडचा, आगबोटीवर कामाला, स्वभावानं मऊ. लग्न पास्काच्या सणानंतरच्या आठवड्यात. पास्का म्हणजे ईस्टर. त्याच्या आधीचे चाळीस दिवस आमचा उपासाचा काळ, त्यात लग्नं होत नाहीत. जुझेला एवढं मोठं सुख कुठे ठेवावं कळेना. त्या वर्षी त्यानं चाळीस दिवस एक वेळच्या पेजेवर काढायचं ठरवलं. माडी तर तो पीत नव्हताच, आता पिठातही घालेना. बाळूला येऊ नको म्हणून सांगितलं. नुसत्या खमिरावर पाव सावकाश फुगायचा, लहान व्हायचा, पण व्हायचा.

चौथ्या आठवड्यात तो भट्टीच्या तोंडाशी घेरी येऊन पडला. हात कोपरापर्यंत भाजला. फिलूनं त्याला ओढून बाहेर काढला, म्हणून चेहरा वाचला. त्या दिवसापासून मी धास्तावले. पोरीच्या लग्नात बाप मांडवात असेल की मशेरीत असेल, हे मला सांगता येईना. मशेरी म्हणजे आमच्याकडचं कबरस्तान.

आणि तेवढ्यात ती तुकड्याची गोष्ट निघाली. आमच्या घरात रीत अशी की मुलगी लग्न लागून देवळातून आली की सासरी निघण्याआधी आईबापाच्या तोंडात पावाचा तुकडा घालते. गोडाधोडाचा नाही, घरच्या भट्टीचा, रोजचा. इतकी वर्षं तुमच्या हातचं खाल्लं, आता माझ्या हातचं घ्या, एवढाच त्याचा अर्थ. सासूनं तसं केलं होतं, मीही माझ्या माहेरी केलं होतं. फिलू हात बांधायला फडकं फाडत होती तेव्हा जुझे तिला म्हणाला, "फिलू, तुजा तुकडा मी कपाळाला लावीन. खानार न्हाय. तू रागावू नको."

फिलूनं पट्टी बांधून पुरी केली. मग म्हणाली, "बाबा, मी जगले त्याचं तुमी अजून फेडताव. मी सासरी गेल्यावं तरी फिटंल काय?"

जुझे पट्टीची गाठ चाचपत बसला. पोर माझ्याजवळ चुलीपाशी येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "आये, मी बाबांच्या मानेवर बसले हाय गो जन्मभर. मला उतरताच येत न्हाय." तिचं ते वाक्य मला अजून ऐकू येतं.

मी जुझेला सांगितलं, पाद्रीबाबांकडे जा. पवित्र आठवड्यातल्या गुरुवारी तो कुमसाराला, म्हणजे पापं सांगायला गेला. कुमसारातलं पाद्री कुणाला सांगत नाही. हे मला जुझेनंच सांगितलं. आमचे पाद्रीबाबा म्हातारे होते, एका कानानं बहिरे, आणि दुसऱ्यानं हवं तेवढंच ऐकणारे. त्यांनी सगळं ऐकून विचारलं, "मागच्या खेपेला मी तुला प्रायश्चित्त काय दिलं होतं?"

"तीन नमो मरिये."

"म्हटलेस?"

"व्हय."

"मग झालं की. ही मासळी, चपला, पेज, हे कुणी दिलं?"

"मीच घेतलं."

"म्हणजे तुझा पाद्री तूच," म्हातारा म्हणाला. "आणि फार कडक पाद्री मिळालाय बाबा तुला. माझ्याकडे ये, मी बरा आहे." मग त्यांनी त्याला सांगितलं की नवस त्यांनी आजपासून सोडवला आहे, आणि देवानं क्रुसावर जे केलं त्यात जुझेच्या पेजेची भर घालायची गरज नाही, ते आधीच पुरेसं आहे.

दुसरा कुणी असता तर नाचत घरी आला असता. जुझे चेहरा पाडून आला. मी म्हटलं, "आता काय झालं?" तर म्हणाला, "त्यांनी सोडवलं. पन मी हात सोडला न् पोरीला काय झालं तर?"

तेव्हा मला कळलं. इतकी वर्षं मला वाटत होतं, हा देवाचे आभार मानतो आहे. तो आभार मानत नव्हता, घाबरत होता. फिलू आपल्या उपासाच्या दोरीला टांगलेली आहे आणि दोरी सुटली की ती पडणार, असं त्याला वाटायचं. मला त्याची फार दया आली. मी त्याचा भाजलेला हात मांडीवर घेऊन बसले.

गुड फ्रायडेला वर्षातून एकदाच आमची भट्टी थंड असे. मी आणि फिलू देवळात गेलो. जुझे मागे राहिला. परत आलो तर अंगणात भिंतीला काठवट टेकवून ठेवलेली, उन्हात पांढरीफटक. राख आणि कढत पाणी घेऊन त्यानं ती नारळाच्या शेंडीनं घासली होती, कोपऱ्याकोपऱ्यातून. जन्म पावाच्या धंद्यात गेलेला माणूस.

"पास्काला सगळं स्वच्छ पायजे," तो म्हणाला. घामानं निथळत होता, आणि चेहऱ्यावर शाबासकीची वाट बघणारं हसू.

"खमिराचा गोळा?"

गोळा त्यानं जपून वाटीत काढून विहिरीच्या कठड्यावर ठेवला होता. वाटी होती. गोळा शेजारच्या कोंबड्यांच्या पोटात गेला होता.

त्यानं तरीही संध्याकाळी पीठ मळलं, लाकडात काहीतरी राहिलं असेल या आशेनं. शनिवारी सकाळी गोणपाट उचललं तर पीठ ठेवलं तसं पडलेलं. भिंत लिंपायला बरं. सगळ्या वाडीचा पास्काचा पाव त्यात होता, आणि चार दिवसांनी लग्न. मला आधी हसू आलं आणि मग रडू.

मी म्हटलं, "बाळूकडून माडी आणते."

जुझेनं हात जोडले. "पास्का उजाडंपर्यंत माडी नको रोजा. येवढं माजं ठेव." आणि मग जे बोलला त्यानं मात्र माझं डोकं फिरलं. म्हणाला, "बघ, देवानं दावलं. माज्या उपासात काय तरी कमी पडलं. आता उद्यापर्यंत पानी पन घ्यायचं न्हाय."

घासल्यानं बिघडलं, तर यांचा उपाय काय, तर अजून घासा. मी चुंभळ फेकली आणि निघाले. कुठे जायचं ते ठरवलं नव्हतं. पाय बानूखालाच्या दारात गेले.

खाला ओसरीवर तांदूळ निवडत होती. मी सगळं सांगितलं. ती उठली, आत गेली, आणि चिनीमातीची बरणी घेऊन आली. झाकण काढल्याबरोबर तो वास आला. माझ्या हातचा, आंबूस, मी विसरलेला.

"तुजंच हाय," ती म्हणाली. "सून दर जुम्याला जगवते. तू दिलेला गोळा कवाच संपला बेटी, ह्ये त्याच्या पोरांचं पोर."

एवढ्यात मागोमाग धापा टाकत जुझे आला. ओसरीखालीच उभा राहिला. बरणी बघितली, सगळं समजला, आणि लगेच म्हणाला, "खाला, दर शुक्रवारी तुमच्या घरी पाव पोचवीन. जन्मभर."

खालानं सूप खाली ठेवलं. "आधी बस," ती म्हणाली. तो पायरीवर बसला. "जुझे, तुला कुनी काय दिलं का तू फेडायला पळत सुटतोस. देनाऱ्याला वाटतं, याला आपलं नकोच होतं. रोजानं मला खमीर दिलं तवा मी काय केलं? घेतलं न् नान लावले. पोटभर खाल्ले. येवढंच केलं."

जुझे खाली मान घालून बसला होता. खालानं सुनेला हाक मारून त्याच्यासाठी पाणी मागवलं. पाण्याचा तांब्या समोर आला. उद्यापर्यंत पाणी नाही, असं तो घडीभरापूर्वीच म्हणाला होता. दुसऱ्याच्या ओसरीवर, म्हाताऱ्या बाईनं दिलेलं पाणी नाकारायचं त्याला जमलं नाही. तो सगळं प्यायला.

घरी येऊन आम्ही तिघांनी मिळून पीठ मळलं. मळून झालं, झाकलं, आणि जुझे काठवटीभोवती घुटमळायला लागला. "जरा बघतो. आनिक चार हात मारतो."

मी काठवटीपुढे पाट टाकून बसले. "हात लावायचा न्हाय. आईनं काय शिकवलं तुमच्या?"

तो अंगणात बदामाच्या सावलीत बसला, मग लवंडला, मग झोपला. कित्येक आठवड्यांत त्याला असं झोपलेलं मी पाहिलं नव्हतं, तोंड उघडं टाकून, भाजलेला हात पोटावर. दुपार सरली. माझ्या पाठीमागे गोणपाट हळूहळू वर येत होतं. मी त्याला उठवलं नाही. फिलूनं भट्टी पेटवली तेव्हा धुरानं तो जागा झाला, आत आला आणि काठवटीकडे बघतच राहिला. पीठ काठाच्या वर आलं होतं.

"परत कुनी मळलं?"

"कुनी न्हाय."

त्यानं बोटानं हलकेच दाबून बघितलं. खड्डा पडला आणि सावकाश भरून आला. मग तो गोळे करायला बसला. तसा पाव आमच्या भट्टीतून आधी कधी निघाला नव्हता, आणि मी खोटं कशाला बोलू, नंतरही निघाला नाही.

यानंतर जुझे पार बदलला असं लिहिलं तर वाचायला बरं वाटेल, पण तसं झालं नाही. माणूस काही गोणपाटाखाली एका दुपारी फुगत नाही. शुक्रवारचा उपास त्यानं मरेपर्यंत केला आणि चपला घालायला त्याला आणखी दोन पावसाळे लागले. खालाच्या घरी पाव पोचवायचीही त्याला मधूनमधून उबळ यायची. ती पाव ठेवून घ्यायची आणि टोपलीत सुके बोंबील भरून परत पाठवायची, मग तो दिवसभर अस्वस्थ. आयुष्याची एवढी वर्षं त्यानं भीतीत घालवली याचं मला वाईट वाटतं. तापानं आमची आणखी दोन लेकरं गेली होती, फिलूच्या आधी. ते मी वर लिहिलं नाही, पण त्याची भीती कुठून आली ते त्यावरून समजून घ्या.

पण लग्नाचा दिवस सांगायचा राहिला. देवळातून वरात आली, मांडवात पाद्रीबाबा खुर्चीवर, बानूखाला बायकांत, मास्तर कुंपणापाशी, गायीला फिरायला आणल्यासारखे उभे. फिलू पांढऱ्या झग्यात. तिच्या हातात ताटली, ताटलीत पाव. तिनं आधी माझ्या तोंडात तुकडा घातला. मग बापापुढे उभी राहिली. तिनं तुकडा त्याच्या तोंडाजवळ नेला नाही; हातात धरून नुसती थांबली. कपाळाला लावायचा असेल तर लावू द्यावा, असं तिनं मनाशी ठरवलं होतं, हे तिनं मला पुढे सांगितलं.

जुझे तिच्याकडे बघत होता. पायापासून डोक्यापर्यंत, जशी काही ती आत्ताच तापातून उठली आहे. वाजंत्रीवाले थांबले. मग त्यानं तोंड उघडलं, लहान पोरासारखं, आणि फिलूनं तुकडा आत ठेवला.

बारा-तेरा वर्षांनी तो स्वतःचा पाव खात होता. चावत राहिला, चावत राहिला, डोळ्यांतून पाणी दाढीत उतरलं. सगळा मांडव श्वास धरून बसलेला.

"फिलू," तो म्हणाला, "मीठ कमी हाय गो."

कुंपणापाशी मास्तरांना जोराचा ठसका लागला. फिलू हसत होती आणि रडत होती. "बाबा, सगळी तेच सांगत्यात तुमाला, कवापास्नं."

जुझेनं तोंड पुसलं आणि हात तिच्यापुढे पसरला.

"आनिक दे," तो म्हणाला.